खाकी गोधडी

देवराम गावित नाशिकच्या अग्निशमन दलात लागला, तेव्हा पेठच्या डोंगरातल्या त्याच्या पाड्यावर कुणाला धड कळलंच नव्हतं की ही नोकरी आहे तरी कसली. आग विझवायचे पैसे मिळतात हे ऐकून म्हातारीकोतारी पोट धरून हसली. वणवा लागला की सगळा पाडा ओल्या फांद्या घेऊन धावायचा, त्याचा पगार कुणी कधी मागितला होता? देवरामही हसला. मग शहरात आला, खाकी डांगरी, म्हणजे फायरमनचा अंगभर गणवेश, अंगावर चढवली, आणि तिच्यावर त्याचा असा जीव जडला की लग्नातला कोट त्याने भावाला देऊन टाकला, पण फाटकी डांगरी कधी कुणाला दिली नाही.

दलात एक जुनी खोड होती. ज्याची डांगरी जास्त काळी, त्याचा मान मोठा. नव्या पोराचं हेल्मेट चकचकीत दिसलं की त्याला 'नवरदेव' म्हणायचं, आणि पहिल्या मोठ्या आगीनंतर त्याच्या गालाला काजळी फासून चहा पाजायचा. तोंडावरचा मास्क आत शिरताना लावायचा आणि ज्वाळा खाली बसल्या की काढून टाकायचा. पुढचं धुमसत्या ढिगाऱ्याचं काम मोकळ्या तोंडाने करायचं, कारण मास्कमध्ये गुदमरतं आणि सगळे तसंच करतात. देवरामने ही रीत उचलली आणि पुढे दुसऱ्यांना शिकवलीही. यात कुणाचं वाकडं झालेलं त्याने पाहिलं नव्हतं. खरं तर पाहिलं होतं. पण निवृत्त झालेला माणूस लवकर गेला की तो दारूने गेला किंवा त्याचं आयुष्यच तेवढं होतं, अशी सगळ्यांनी आपली समजूत घालून घेतली होती.

त्याची बायको झुंबर सुरगाण्याकडची. इंदिरानगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात डांगरी धुण्याचं काम तिचं, आणि ते तिने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. देवराम ड्यूटीवरून आला की ती दारातच डांगरी हातात घ्यायची, नाकाशी न्यायची आणि काय जळालं ते ओळखायची. "आज टायर." "आज भंगाराचं गोदाम हाय." "आज द्राक्षाच्या औषधाचं दुकान, होय ना?" सहसा चुकायची नाही. देवराम ही गोष्ट अग्निशमन केंद्रात मोठ्या कौतुकाने सांगायचा. पायल, त्यांची एकुलती एक लेक, लहानपणी धावत येऊन त्याच्या पोटाला मिठी मारायला बघायची, आणि झुंबर तिला दंडाला धरून मागे ओढायची. "आधी अंघोळ करू दे बाबाला." मोरीत झुंबरच्या दोन बादल्या असत, एक निळी आणि एक लाल. कुठली कशाला हे तिलाच ठाऊक, आणि चुकून भलतीला हात लावला तर ती घर डोक्यावर घ्यायची. आपल्या लोकांत सोवळं नाही म्हणून हिने ते मोरीत मांडलंय, अशी देवराम तिची थट्टा करायचा.

मग तिला खोकला लागला. आधी सगळ्यांनी हवेला दोष दिला. पुढे छातीचे फोटो निघाले, तपासण्या झाल्या आणि फुप्फुसात गाठ सापडली. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी बिडी-सिगरेट ओढतं का. कुणी ओढत नव्हतं. चूल? चूल माहेरी होती, लग्नाआधी. डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं आणि पुढचं विचारलं. देवरामने मात्र ती चूल मनात पक्की धरून ठेवली.

त्या आजारपणात झुंबर खिडकीशी बसून गोधडी शिवायची. देवरामच्या जुन्या डांगऱ्या तिने फेकल्या नव्हत्या, गाठोडं बांधून ठेवलं होतं. त्याची खाकी ठिगळं वर, आणि खाली अस्तराला स्वतःची हिरवी साडी. "लय दणकट कापड हाय, पायलच्या पोरांना पुरल," म्हणायची. पायलचं तेव्हा नुकतंच लग्न ठरलं होतं, पण झुंबरला फार पुढचं दिसत असावं किंवा तितकं पुढे आपण नसणार हे कळलं असावं. जाड शिवणीत सुई अडली की ती दातात धरून ओढायची. दोराही दातानेच तोडायची. गोधडी पुरी झाली आणि त्याच महिन्यात ती गेली.

दहाव्याला देवरामने सगळ्या पाहुण्यांदेखत सासूला, बयाबाईला म्हटलं, "तुमच्या चुलीनं खाल्ली तिला." गावी गेल्यावर म्हातारीने चूल घरातून काढून अंगणात मांडली, आणि पाऊस असो की थंडी, तिथेच भाकरी थापत राहिली. हे देवरामला नंतर कुणीतरी सांगितलं. त्याला तेव्हा बरंच वाटलं.

गोधडी बाळासाठी होती, त्यामुळे ती कपाटात राहायला हवी होती. देवरामने एकदा नुसती बघायला म्हणून काढली आणि परत ठेवली नाही. ती अंगावर घेतल्याशिवाय त्याला झोप येईना. पायल पिंपळगाव बसवंतला सासरी होती. तिथून फोनवर हसायची, "बाबा, माझ्या पोराची गोधडी झिजवू नका हं." तिला दिवस गेले, तेव्हाही पहिलं तिने गोधडीचंच विचारलं.

त्याच सुमारास पुण्याच्या एका संस्थेतून तृप्ती नावाची संशोधक मुलगी केंद्रात आली. तिच्याकडे सिलिकॉनच्या मऊ पट्ट्या होत्या, मनगटात घालायच्या. धुरात काय काय विषारी असतं आणि त्यातलं किती फायरमनच्या अंगाला लागतं, हे तिला मोजायचं होतं. "पट्टी कातडीसारखी आहे," तिने समजावून सांगितलं. "अंगाला जे लागतं ते तीही शोषून घेते. फक्त कातडी काढून तपासता येत नाही, पट्टी येते." प्रत्येकाला दोन पट्ट्या मिळाल्या. करडी आगीवर जाताना घालायची, आणि पांढरी सुट्टीच्या दिवशी घरी घालायची, अगदी झोपतानाही. मग दोन्ही वेगवेगळ्या पाकिटांत बंद करून तिला परत द्यायच्या. पांढरी स्वच्छ येणार, करडी घाण येणार, आणि त्या फरकावरून आगीत किती लागतं ते कळणार.

केंद्रात ती पट्टी लगेच 'राखी' झाली. मयूर नावाचा तरणा फायरमन म्हणाला, "मॅडमनी राखी बांधली, आता ओवाळणी काय घालायची?" अधिकारी खंडेराव त्याच्यावर डोळे वटारून स्वतःच हसले. देवरामने मात्र दोन्ही पट्ट्या नेमाने घातल्या. पिंपळगावला एका कोल्ड स्टोरेजला आग लागली, भिंतींतला थर्माकोल दिवसभर धुमसत होता, तेव्हा करडी पट्टी त्याच्या मनगटात होती. सुट्टीला घरी पांढरी घालून तो जेवला, टीव्ही पाहिला, गोधडी घेऊन झोपला.

काही आठवड्यांनी तृप्ती परत आली ती जरा अवघडूनच. देवरामला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, रागावू नका. तुमच्या पट्ट्यांची अदलाबदल झाली का? पांढरी आगीवर घातली असं काही?"

"मॅडम, एवढी वर्षं काढली इथं. पट्टी कुठली ते कळतं मला."

"तसं नाही हो. बाकीच्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांवर थोडंफार आहेच, पण थोडं. तुमची पांढरी जवळजवळ करडीसारखीच आलीय."

देवरामला ते अपमानासारखं लागलं. माझं घर स्वच्छ आहे, या आणि बघा, असं तो म्हणाला. ती खरंच आली. तिने गॅस पाहिला, उदबत्ती लावता का विचारलं, खिडकीतून रस्ता किती दूर आहे ते पाहिलं. मग तिची नजर खाटेवर घडी घालून ठेवलेल्या गोधडीकडे गेली. "ही कशाची आहे?"

देवरामला तेच हवं होतं. त्याने गोधडी उलगडून दाखवली. हा खिसा सातपूरच्या कारखान्यातल्या आगीतल्या डांगरीचा, ही बाही भंगार गोदामाच्या वेळची, हा डाग कितीही धुतला तरी गेला नाही. झुंबरचं शिवणकाम, ती सुई दातात धरायची ते, वासावरून आग ओळखायची ते, सगळं तो सांगत गेला. तृप्ती ऐकत होती, पण तिने गोधडीवर ठेवलेला हात हळूच काढून घेतलेला त्याला दिसला.

"काका, पट्टी घालून तुम्ही ही पांघरूनच झोपलात?"

"मग काय पांघरणार?" देवराम म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं.

तो खाटेच्या कडेला बसला. मग त्याने सरळ विचारलं, "झुंबर यानं गेली का?"

"मला माहीत नाही, काका." तृप्तीचे डोळे भरून आले होते, पण ती बोलली स्पष्ट. "कापडात काय आहे एवढंच पट्टी सांगते. कुणाला काय झालं आणि कशाने, ते ती सांगत नाही. चूलही असेल, दुसरंच काही असेल. मी हो म्हटलं तरी खोटं होईल, नाही म्हटलं तरी खोटं होईल."

देवरामने आयुष्यभर आगी विझवल्या. प्रत्येक आगीला शेवटी काहीतरी कारण लिहिलं जायचं, शॉर्टसर्किट, सिलिंडर, कुणी टाकलेली बिडी. त्याच्या घरातल्या या आगीचं कारण कुणीच लिहून देणार नव्हतं, आणि ते न कळताच त्याला मरेपर्यंत राहायचं होतं.

"लेकीचं बाळंतपण आलंय," तो म्हणाला. "ही बाळासाठी हाय."

यावर मात्र तृप्ती अडखळली नाही. "बाळाला नका देऊ. बाळ सगळं तोंडात घालतं."

तिने तपासायला कोपऱ्याचा एक तुकडा कापून मागितला. कात्री देवरामनेच आणून दिली, पण कापताना तो तोंड फिरवून उभा राहिला. ती गेल्यावर त्याने गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, तोंड घट्ट बांधलं आणि माळ्यावर टाकली. जाळून टाकणं त्याला शक्य नव्हतं. त्याचा धूर पुन्हा कुणाच्या तरी घरात गेला असता.

दुसऱ्या दिवसापासून तो केंद्रातच अंघोळ करून, कपडे बदलून घरी जाऊ लागला. ढिगाऱ्यावर काम करतानाही मास्क काढेना. मयूरने मागून हाक मारली, "नवरदेव निघाले!" देवराम त्याच्याजवळ जाऊन म्हणाला, "तुझी डांगरी घरी कोण धुतं रे?"

"आई," मयूर म्हणाला.

देवरामने त्याला सगळं सांगितलं. त्यानंतर मयूरने कुणाला नवरदेव म्हटलं नाही.

एका सुट्टीला देवराम एसटीने सुरगाण्याकडे गेला. बयाबाई अंगणातल्या चुलीपुढे बसली होती, वर प्लास्टिकचा कागद ताणलेला. जावई आला म्हणून उठायला लागली, तर हा तिच्या पुढ्यात मातीतच बसला. "आई, मी दहाव्याला बोललो ते वाईट बोललो. तुमचा दोष नव्हता."

म्हातारीने फुंकणी खाली ठेवली. "मंग कोनाचा होता, जावईबापू?"

"कळत नाय. माझा असंल."

बयाबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिने ना त्याला माफ केलं ना दोष दिला. ताटात भाकरी घातली आणि म्हणाली, "जेवून घ्या. लांबून आले." देवरामने चुलीपुढे मातीतच बसून ती भाकरी खाल्ली.

पायल बाळंतपणाला आली ती हट्टाने. आई नसली म्हणून काय, पहिलं बाळंतपण माहेरीच, असं तिने नवऱ्याला, नवनाथला ठणकावून सांगितलं होतं. शेजारच्या फुलाबाईंनी डिंकाच्या लाडवांपासून सगळं अंगावर घेतलं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या पायलने विचारलं, "गोधडी कुठंय?"

"धुवायला दिलीय," देवराम म्हणाला.

एवढं खोटं त्याला पुरलं नाही. रोज ती विचारायची, कुणाकडे दिली, कधी येणार, आणि रोज तो काहीतरी नवं सांगायचा. पोटुशा लेकीपुढे खरं काढायची त्याची छाती होईना. आईविषयी जे कळलं त्याने तिच्या जिवाला घोर लागेल, आणि तिच्या स्वतःच्या लहानपणाविषयी तिने विचारलं तर आपण काय सांगणार, याची त्याला त्याहून जास्त भीती होती. हजार ज्वाळांत घुसलेला हा माणूस आता संध्याकाळी लेकीची नजर चुकवून भाजी आणायला जायचा.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी देवराम मेन रोडवरून कोरी दुपटी, कोरी झबली, टोपडी घेऊन आला. पायलच्या सासूबाई, सुलाबाई, नात बघायला आल्या होत्या. त्यांनी ती पिशवी उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"व्याहीबुवा, कोरं कापड लेकराला लावत्यात का कुठं? पाचवी व्हायचीय अजून. जुनेर लागतंय, मऊ. आन् पहिलं जुनेर आजोळचं असतंय, म्हणून तर मी काही आणलं नाय."

"आईची गोधडी आहे ना," पायल म्हणाली. "अंथरायला ती घेऊ. बाबा, आज तरी आणा."

"आणि आजीचं एखादं लुगडं, साडी काढा," सुलाबाईंनी पुस्ती जोडली. "लेकराला आजीचं अंग लागू द्या."

देवराम जागचा हलला नाही. "नाय द्यायची ती," तो म्हणाला. "आणि साडीही नाय द्यायची."

सुलाबाईंना राग आला. पायलला रडू फुटलं. आईची एवढी एक वस्तू, तीही तुम्ही मला देत नाही, असं ती म्हणाली. तेव्हा देवरामने सांगितलं. पट्टी, तृप्ती, कापलेला कोपरा, माळ्यावरची पिशवी, कुठेही न थांबता सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुझ्या आईनं माझ्या डांगऱ्या धुतल्या, हुंगल्या, मांडीवर घेऊन शिवल्या. त्यानंच गेली का ते कुणालाच सांगता येत नाय. पण मी तो धूर घरी आणला, एवढं खरं हाय. तुझ्या अंगालाही किती लागला असंल कोण जाणे." आणि एवढा मोठा माणूस लेकीसमोर ओक्साबोक्शी रडला. सुलाबाई उठून आत गेल्या आणि विनाकारण भांडी आवरू लागल्या.

पायल बाळाला थोपटत राहिली. मग म्हणाली, "माझ्या अंगाला नाही लागला, बाबा."

"तुला काय ठाऊक?"

"आई माझे कपडे तुमच्या डांगरीबरोबर कधीच धुवायची नाही. निळी बादली माझी होती. वास धरतात, म्हणायची, लेकराच्या नाकात जातो. तुम्ही अंघोळ करेपर्यंत मला जवळ येऊ द्यायची नाही. माझे कपडेसुद्धा कपाटात नसायचे, तुमचे तिथे असतात म्हणून. खाटेखालच्या पेटीत बघा."

देवरामने खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. झुंबर गेल्यापासून ती उघडलेलीच नव्हती. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला होता, आणि त्याखाली पायलची लहानपणची दुपटी, झबली, धुऊन धुऊन मऊ पडलेला एक फ्रॉक. देवरामने एक दुपटं उचलून नाकाशी नेलं, झुंबर न्यायची तसं. कडुनिंबाशिवाय कसलाच वास नव्हता.

पाच-दहा मिनिटांत तो मोरीत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने निळी बादली हातात घेतली. दुपट्याला साबण लावला, भरपूर पाण्यात विसळलं, पुन्हा साबण लावला. सुलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "एवढं नका घासू, व्याहीबुवा. चांगलं जुनेर हाय." दुपटं पिळून त्याने उन्हात दोरीवर टाकलं. वाळल्यावर त्यातच नात गुंडाळली, आणि ती लगेच झोपली.

देवराम तिच्याकडे पाहत उभा होता. मग त्याने मघापासून मनात असलेलं विचारलं.

"पायल, लाल बादलीत काय धुवायची ती?"

"तुमची डांगरी."

"आणि तिच्या साड्या?"

पायलने बाळाच्या कपाळावरचे केस मागे सारले. वर न बघता ती म्हणाली, "त्या डांगरीबरोबरच. मी एकदा विचारलं होतं तिला. माझं चालतंय, म्हणाली."

देवराम मोरीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. बाहेर सुलाबाईंनी चहा टाकला, तो उकळला, गाळला, निवूनही गेला. पायलने दोनदा हाक मारली. लाल बादली पुढ्यात घेऊन देवराम ओल्या फरशीवर बसून होता.